मेयरचं वजन

बटरफील्ड घराण्याला फेरेट कळतो. हे विधान मी अभिमानानं नव्हे, इतिहास म्हणून करतो आहे. पणजोबा, आजोबा आणि वडील, तिघांनी आठवडाभर कोळशाची खाण खणली आणि हिवाळ्यातल्या रविवारी तो मुंगसाच्या बांध्याचा, लांबोडका, उग्र वासाचा प्राणी सशांच्या बिळात सोडून, बिळाच्या दुसऱ्या तोंडावर जाळं लावून, ते गोठत बसून राहिले. आमच्या हॅगथॉर्पमध्ये एखाद्याला बायको कळत नसेल, मुलं कळत नसतील, तर ते चालून जाई. फेरेट कळत नाही म्हणणाऱ्याला खाणकामगारांच्या क्लबात कुणी शेजारी बसवलं नसतं. तीन पिढ्यांचं हे ज्ञान वारशानं माझ्यापर्यंत आलं ते असं, की वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मी दोनदा फेरेट हातात घेतला होता, आणि दोन्ही वेळा तो मला चावला होता.

तिसऱ्यांदा घेतला तो एप्रिलमध्ये. आई मागच्या अंगणात चादर वाळत घालताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, शेजारणीनं ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि माझी बहीण ग्लेनिस हिनं हॅरोगेटहून फोन करून सांगितलं की आईचं सगळं ती बघते आहे, ‘तो उंदीर’ तेवढा मी उचलावा. शेफील्डहून बस धरून मी हॅगथॉर्पला गेलो. मागच्या स्वयंपाकघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, पिंजरा होता. जुन्या टॉवेलाखाली हात घालून मी त्याला उचललं आणि माझा हात नको तितका वर गेला. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. हातानं एका वजनाची तयारी केली होती आणि ते वजन तिथं नव्हतं. ख्रिसमसला मी ह्याला आईच्या मांडीवर पाहिलं होतं; मांडीभर पसरलेला, पोट दोन्ही बाजूंनी ओघळलेलं, चेहऱ्यावर नुकतंच कशाचं तरी उद्घाटन करून आल्याचा भाव. त्या पोटावरूनच आईनं त्याचं नाव मेयर ठेवलं होतं. आता माझ्या हातात होती ती एक लांब मोजा घातलेली हाडांची माळ. पाठीचा मणीन् मणी बोटाला लागत होता. केस विरळ झाले होते. तो माझ्याकडे बघत होता आणि चावत नव्हता, आणि न चावणारा फेरेट ही काय अवस्था आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मेयर मुळात शेजारच्या म्हाताऱ्या रेस्ट्रिकचा. म्हातारा ऑक्टोबरमध्ये मुलीकडे कायमचा स्पेनला निघाला तेव्हा पेटी घेऊन आईच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “ऑलिव्ह, तुझ्याइतकं ह्यातलं गावात आता कोण जाणतं?” आईनं चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात शेकडो ससे सोलले, कापले, शिजवले, फेरेटला बोट लावलं नव्हतं. पण वॉल्टर बटरफील्डच्या विधवेनं ‘मला ह्यातलं काही कळत नाही’ असं म्हणायचं कसं? तिनं पेटी घेतली. मग हिवाळाभर ती आणि तो एकाच खुर्चीत बसून टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषा बघत राहिले, आणि फोनवर ती मला सांगायची, “आज मेयरला दोन उत्तरं माहीत होती. तुझ्या बापाला कधी एक आलं नाही.”

हॉस्पिटलात ती उशीत बुडून बसली होती. ऑपरेशन चांगलं झालं होतं असं सगळे म्हणत होते, म्हणजे डॉक्टर आणि ग्लेनिस. आई म्हणाली, “पिंजऱ्यात पाहिलंस?”

“पाहिलं.”

“खातोय का?”

“खातोय.”

“नेव्हिल, तू शाळेतसुद्धा असंच तोंड करून खोटं बोलायचास. ग्लेनिस कपडे न्यायला घरी गेली होती, तिनं मला सांगितलंय. बरगड्या मोजता येतात म्हणाली.”

ग्लेनिसनं सांगितलं होतं. ग्लेनिस सगळ्यांना सगळं सांगते, त्यांच्या भल्यासाठी. आईनं चादरीची कड सरळ केली, पुन्हा सरळ केली. मग हलक्या आवाजात, पलीकडच्या बाईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “मला आठवत नाही रे. त्याची बशी धुतल्याचं आठवतं. रोजचं आठवतं. भरल्याचं काही आठवत नाही.”

मी म्हटलं, “कुणाला आठवतं? मी आज सकाळी दात घासले का तेही मला आठवत नाही.”

“ते तुझ्याकडे बघून कळतं,” आई म्हणाली. पण हसली नाही. “साखरेच्या किलोच्या दोन पिशव्यांएवढा होता तो. पुऱ्या दोन. आता किती असेल?”

आईनं लग्नाआधी आणि मी शाळेत गेल्यावर पुन्हा, गावच्या किराणा दुकानात काम केलं होतं. बटाटे, साखर, चीज, सगळं ती आधी हातावर तोलायची आणि मग उगीच गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी तराजूत टाकायची. तिच्याशी वजनाबद्दल खोटं बोलणं म्हणजे बिशपशी देवाबद्दल बोलण्यासारखं. मी म्हटलं, “सव्वा पिशवी. जेमतेम.”

तिनं चादरीची कड सोडली. “मग असं करू,” ती म्हणाली. “तू त्याला दोन पिशव्यांवर आण. आणलास, तर मी माझ्या घरी. माझ्या पलंगावर, माझ्या किटलीपाशी. आणि नाही जमलं, तर ग्लेनिस म्हणते त्या वृद्धांच्या निवासगृहात. ज्या बाईला एक फेरेट जगवता येत नाही तिनं गॅसजवळ जाऊ नये.”

“आई, ह्याचा त्याचा काय संबंध?”

“तुझ्या बापाचे कधी बारीक झाले होते? एक तरी? आठव.”

मी आठवलं. झाले नव्हते. थंडीत, धुक्यातून, वडील मागच्या दारानं आत येत आणि कोटाच्या आतल्या खिशांतून काढून दोन्ही फेरेट पळभर चुलीपाशी ठेवत. जाडजूड, चकचकीत, मस्तवाल. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा आणि त्या प्राण्याचा मिळून एक वास स्वयंपाकघरात भरे. संपाच्या साली, खाणी वर्षभर बंद होत्या आणि आम्ही ससा आणि बटाटा, बटाटा आणि ससा असं आलटून पालटून खात होतो, तेव्हासुद्धा घरात सगळ्यात गुटगुटीत तेच दोघे होते. ग्लेनिस तेव्हा म्हणायची की पुढच्या जन्मी मी फेरेट होणार. वडील त्यांना परत मागच्या शेडमध्ये घेऊन जात आणि आतून कडी लावत. तिथं आम्हांला मज्जाव होता. वसंत आला की जाळी धुऊन, गुंडाळून, खुंटीला लागत आणि पुढल्या थंडीपर्यंत शेडमध्ये काय चालतं ह्याच्याशी आमचा संबंध संपे. आमच्या घरात फेरेट हा हिवाळ्यातला प्राणी होता, ख्रिसमसच्या पुडिंगसारखा. वडील एरवीही बोलत नसत. खाणीत बोलायला हवा वाया जाते अशी त्यांची समजूत असावी आणि वर आल्यावर ती बदलण्याचं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

तर मी मेयरला शेफील्डला आणला. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, ट्रामच्या चढावर आहे. घटस्फोटानंतर मी तो तात्पुरता घेतला त्याला अकरा वर्षं झाली. मी नगरपालिकेत काम करतो. रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल लोक लिहितात आणि मी त्यांना उत्तर देतो. उत्तर देणं हेच काम. खडी, डांबर, रोलर ह्यांच्याशी माझा संबंध नाही. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, असं मी दिवसातून इतक्यांदा लिहितो की आता गैरसोय हा शब्द दिसला की मला जांभई येते. संध्याकाळी चढ चढून घरी यावं, कोट काढावा, आणि खुर्चीत बसल्यावर आता पुन्हा उठायचं कारण नाही ह्या विचारानं जे समाधान वाटतं, त्यावर मी बरीच वर्षं जगत होतो. आता उठायचं कारण होतं.

कोंबडीचा खिमा, अंड्याचा बलक, कोमट पाणी, माशाच्या तेलाचे थेंब, हे सगळं मिक्सरमधून काढून मी पेज करायचो. पहिल्यांदा त्यानं बशीत पाय घातला आणि तोच पाय माझ्या शर्टाला पुसला. मग मी बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं. त्यानं चाटलं. मग पुन्हा. खरखरीत, गरम, लहानशी जीभ. मी जमिनीवर मांडी घालून बसलो होतो, गुडघे दुखत होते, खालून ट्राम गेली तशी बशी थरथरली. आणि आपल्या हातून कुणीतरी काही घेत आहे ही गोष्ट मला इतकी अनोळखी वाटली की मी ती पेज संपल्यावरही बोट तसंच धरून बसलो. त्याचं पोट लहान, आतडं आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत पलीकडे जातं. म्हणून मी सकाळी लवकर उठू लागलो, दुपारी ‘डेंटिस्ट’ म्हणून ट्रामनं घरी येऊ लागलो. माझे इतके दात काढून झाले की ऑफिसात लोक माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उजेड कमी पडतो असं सांगून खिडकीपाशी जागा घेतली. उजेडाचा प्रश्न नव्हता. ऐन वसंतात नर फेरेटच्या अंगाला जो वास सुटतो, तो कपड्यांतून, केसांतून, बहुधा विचारांतूनही येतो.

उरलेल्या अंड्यांचा पांढरा भाग टाकवेना, म्हणून त्याची ऑम्लेटं मी खात असे. महिन्याभरात घरात एकाचं वजन वाढलं. माझं.

मेयरचं वाढत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी भांडं ठेवायचो, भांड्यात त्याला. तो उतरून जायचा, मी पुन्हा ठेवायचो. काटा थरथरत कुठंतरी थांबायचा आणि ते कुठंतरी कालच्याच जागी असायचं, किंवा केसभर अलीकडे. मी कोंबडीची काळजं आणली, बदकाची चरबी आणली, कसायाकडून मूत्रपिंडं आणली. कसाई म्हणाला, “पाहुणे का?” मी म्हटलं, “मेयर आहेत.” त्यानं जास्त चौकशी केली नाही. मग एका रविवारी सोफ्यामागून वेगळाच वास यायला लागला. सोफा ओढला तर मागं काळजांची रांग, एक अख्खं मूत्रपिंड, आणि माझा मोजा. माझ्या जुन्या बुटातही निघालं. तो साठवत होता. मला हलकं वाटलं. एवढं साठवणारा प्राणी मरायच्या बेतात नसावा, त्याला पुढची काही कल्पना असावी. मला त्याचा हेवा वाटला.

डॉक्टरकडे का नेलं नाही? हा प्रश्न आता सोपा दिसतो. फेरेट डॉक्टरकडे नेणारा बटरफील्ड म्हणजे चहा कसा करतात हे चारचौघांत विचारणारा माणूस. वडिलांच्या काळी गावात एकानं नेला होता. त्याचं नाव कुणी घेत नसे, ‘तो, डॉक्टरकडे गेलेला’ असंच म्हणत, आणि तो मेल्यावर क्लबात ज्यानं त्याच्याविषयी दोन चांगले शब्द काढले त्यानंही शेवटी तेवढा उल्लेख केलाच. मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टी मागं टाकण्यासाठीच मला शिकवलं होतं. पण दवाखान्याचा नंबर समोर ठेवून मी फोनकडे बघत बसलो की वडिलांचा चेहरा दिसायचा. रागावलेला नाही, नुसता दुसरीकडे बघणारा. शिवाय डॉक्टरनं विचारलं असतं, आधी कोण सांभाळत होतं? आणि मग आईचं नाव सांगावं लागलं असतं.

हॉस्पिटलातून आईला चालायचा सराव देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं. तिथल्या चहाच्या मशीनपाशी ग्लेनिस मला म्हणाली, “हा काय पोरखेळ लावलायस तुम्ही दोघांनी?”

“तिनं लावलाय. मी नुसता खिमा आणतो.”

“समजा वाढला तो. मग काय सिद्ध झालं? की तुझ्याकडे नीट खायला मिळालं आणि तिच्याकडे मिळत नव्हतं.”

हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं आणि मी त्याला बसायला सांगितलं नव्हतं. वाढला तर आईनं उपाशी ठेवला. नाही वाढला तर तो आजारी, आणि आईला कळलं नाही. ग्लेनिसची बुद्धी लहानपणापासून अशी, दोन्ही बाजूंनी कापणारी. तिनं मशीनमधला चहा एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हॅरोगेटहून एक दिवसाआड गाडी हाकत येणारी ती, आणि बसनं कधीमधी उगवणारा मी. “ती जिन्यावरून पडेल नेव्हिल,” ती म्हणाली. “मी फोन करीन आणि तो वाजत राहील. तुला ऐकू येतो का तसा वाजणारा फोन? मला येतो. भांडी घासताना येतो.”

मी म्हटलं, “तिचं घर आहे ते.”

“तू तिथं शेवटचा मुक्काम केव्हा केला होतास?”

आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, एवढंच तोंडावर आलं.

निर्णय आईचा होता, हे मात्र सगळ्यांनी कबूल केलं होतं. समाजकल्याण खात्याची मिस प्रिंगल नावाची एक सौम्य बाई होती. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं, की जिन्याला कठडा बसवता येईल, सकाळ-संध्याकाळ कुणी येऊन जाईल, आई घरी जाऊ शकते. मात्र आईनं तसं म्हणायला हवं. जूनच्या शेवटी बैठक होती. आईनं ‘घरी’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. जिनं माझ्या वडिलांच्या खाणीच्या मॅनेजरला दारातून परत पाठवलं होतं, पाद्र्याला त्याचं प्रवचन लांबतं हे तोंडावर सांगितलं होतं, तिला हा शब्द जड नव्हता. पण ती त्या शब्दाकडे बघतच नव्हती. भेटायला गेलो की ती पाय कसा आहे हे सांगायची नाही, जेवण कसं आहे हेही नाही. विचारायची, “किती?”

मी खोटं बोलायला सुरुवात केली. आधी थोडं. “दीड पिशवी.” मग, “दीडच्या वर.” तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा. ती भिंतीच्या कठड्याला धरून खिडकीपर्यंत चालली, मग दारापर्यंत. ‘पावणेदोन’ म्हटलं त्या दिवशी ती म्हणाली, “परसातल्या दाराचं बिजागर कुरकुरतं, त्याला तेल घाल. मी येईस्तोवर गंजेल.” मी परतताना बसमध्ये इतका थकलो होतो की माझा थांबा गेला. घरी मेयर दाराशी आला, माझ्या बुटाची नाडी ओढून बघितली आणि गेला. सव्वा पिशवी. त्याच्या डोळ्यांत कसलीही तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आलं असतं.

“त्याला घेऊन ये,” बैठकीच्या आदल्या दिवशी आई फोनवर म्हणाली. “इथं बागेत परवानगी आहे. एकीचा कुत्रा येतो. कुत्रा कसला, पायपुसणं आहे.”

नाही म्हणायला हवं होतं. ट्राम बंद आहेत, त्याला सर्दी आहे, काहीही. पण मला वाटलं, तिनं बघावं. तो धावतो, उड्या मारतो, बुटात काळीज लपवतो; हे बघून तिला वजनाची पर्वा राहणार नाही. असं मला खरंच वाटलं, की मला आता कुणीतरी हे माझ्या हातातून काढून घ्यायला हवं होतं, ते मी ठरवू शकत नाही. निघायच्या आधीच्या तासात मी त्याला दोनदा भरवलं. ओला पंचा फिरवून केस फुगवले. माणूस किती खालच्या थराला जातो.

बागेत बाक होता, ऊन होतं, भिंतीशी पिवळे गुलाब होते. आईनं काठी बाकाला टेकवली आणि दोन्ही हात पुढं केले. मी पेटीतून त्याला काढून त्या हातांवर ठेवलं. त्यानं तिला हुंगलं, ओळखलं, मनगटापासून कोपरापर्यंत वास घेत गेला, आणि तिच्या बाहीत डोकं घातलं. आई हलली नाही. तिचे तळवे वर होते, जसे दुकानात असायचे. डोळे कुठंतरी लांब, ओठ किंचित दाबलेले. मला लहानपणीचं ते काउंटर दिसलं, त्यावरचा तिचा हात आणि हातातलं चीज, आणि ‘घ्या, बरोबर आहे’ म्हणणारा तिचा आवाज.

“सव्वासुद्धा नाही,” ती म्हणाली.

“आई, तो खातो. शपथ. मी स्वतः…”

“तू खूप केलंस. तुझ्या पोटावरून कळतंय.” तिनं मेयरला छातीशी घेतलं. “तू इतकं करूनही भरला नाही, म्हणजे मी त्याचं काय करून ठेवलं असेल रे.”

“तू काही केलेलं नाहीस.”

“तेच. काही केलं नाही.” तिनं त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. “मला वाटायचं, मी रोज भरते बशी. अगदी डोळ्यांपुढं दिसायचं. डोळ्यांपुढं दिसतं ते सगळं झालेलं असतंच असं नाही, हो ना?”

मी गुलाबाकडे बघत होतो. एका फुलावर माशी बसली होती. मला वाटतं मी त्या क्षणी फक्त एवढाच विचार करत होतो, की परतीच्या बसला गर्दी नसेल तर बरं.

दुसऱ्या दिवशी मिस प्रिंगलनं आपली खुर्ची आईच्या जवळ ओढली आणि विचारलं, “ऑलिव्ह, तुम्हांला काय वाटतं? तुमच्या मनात काय आहे?”

“ग्लेनिस म्हणते ते ठीक आहे,” आई म्हणाली.

मिस प्रिंगलनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हांला नक्की असं वाटतं? आपण घरी सोय करू शकतो. घाई नाही.”

“घर ठीक आहे हो,” आई म्हणाली. “मीच नाही.” आणि तिनं विचारलं की आता उठलं तर चालेल का.

ग्लेनिस जिंकली होती आणि रुमालात तोंड घालून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही एकमेकांना हात लावल्याला इतकी वर्षं झाली होती, की दोघांनाही अवघडल्यासारखं झालं आणि मी तो परत घेतला.

निवासगृह चांगलं आहे. टेकडीवर आहे, खिडकीतून शेतं दिसतात, कस्टर्ड पातळ असतं असं आई म्हणते. फेरेटला तिथं परवानगी नाही. तिला तिथं काही कमी नाही, आणि तिला काही लागतही नाही. टेबलावरचं वर्तमानपत्र घेऊ का, खिडकी उघडू का, जरा झोपू का, असं ती विचारते. तिथल्या मुली म्हणतात, अहो विचारता काय, तुमचंच आहे. ती मान हलवते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते. प्रश्नमंजूषा लागते तेव्हा तिला उत्तर येत असतं, मला दिसतं, ओठ हलतात. पण ती दुसऱ्या कुणाचं येण्याची वाट बघते. मेयर कसा आहे, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. हॅगथॉर्पचं घर ऑगस्टमध्ये एका तरुण जोडप्यानं घेतलं. मागची शेड त्यांनी पहिल्या आठवड्यात पाडली, तिथं सायकली ठेवायच्या होत्या. मी तिथं पोचलो तेव्हा फळ्यांचा ढीग होता आणि वास कुठंच नव्हता.

मी पेज करणं सोडून दिलं होतं. हरल्यावर कष्ट कशाला, हा माझ्या स्वभावाचा भाग आहे. मेयरला दुकानातलं सुकं खाद्य घालायचो, आठवण झाली की. सप्टेंबरात चढावर पानं पडायला लागली, संध्याकाळ लवकर व्हायला लागली, आणि एक दिवस त्याला सोफ्यावरून उचलताना मला दुसरा हात लावावा लागला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचं पोट दोन्ही बाजूंनी ओघळलं होतं. मान जाड झाली होती, अंगावर दाट, नवे, चकचकीत केस आले होते. पोटात पाणी झालं असावं, किंवा गाठ. आता कुणाला काय वाटेल हा प्रश्न उरला नव्हता. ज्यांना वाटायचं त्यांतले एक मेले होते आणि एक टेकडीवर परवानगी मागत होती. मी त्याला पेटीत घातलं आणि बटरफील्ड घराण्यात पहिल्यांदा फेरेट डॉक्टरकडे नेला.

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिनं त्याचं पोट चाचपलं, दात बघितले, छातीला नळी लावली. त्याला काट्यावर ठेवलं. दोन किलोला टेकला होता.

“काय झालंय म्हणालात?”

“सुजलाय,” मी म्हटलं. “एप्रिलमध्ये नुसता सांगाडा होता. भरवून भरवून थकलो, तोळाभर वाढला नाही. आणि आता काही न करता हे.”

“एप्रिलमध्ये त्याला ताप वगैरे?”

“नाही.”

“मरगळ? उलट्या?”

“नाही. बुटात काळजं लपवायचा.”

ती हसली. “मग तेव्हाही त्याला काही झालेलं नव्हतं. नर थंडीच्या आधी असे भरतात आणि वसंतात उतरतात. जवळजवळ निम्म्यावर येतात कधीकधी. माजावर असतात ना, खाण्याकडे लक्ष नसतं. कितीही घाला. सगळेच. दर वर्षी.”

मी विचारलं, “आधी सांभाळणाऱ्यानं खायला घातलं नसेल, असं काही?”

“छे. घातलं नसतं तर एप्रिलपर्यंत राहिलाच नसता,” ती म्हणाली. “छान सांभाळलाय.”

मग तिनं त्याची नखं कापली, कारण ती वाढली होती.